पीपीसीची टूल्स: आधी फुकटची नीट वापरा, मग विकतची

महिन्याचा जाहिरात खर्च ५० हजार रुपयांच्या आत असेल, तर पैसे मोजून घ्यायचं कुठलंही पीपीसी (पे-पर-क्लिक, म्हणजे दर क्लिकमागे पैसे मोजायच्या जाहिरातींचं) टूल तूर्त घेऊ नका. गूगल ॲड्सच्या खात्यात जी टूल्स फुकट मिळतात, तेवढ्यांनीही बरीचशी गळती थांबते. विकतची टूल्स वाईट असतात असं नाही. पण ती ज्या आकड्यांवर चालतात ते आकडेच चुकीचे असले, तर तीच चूक अधिक वेगाने होते, एवढाच फरक. म्हणून आधी मोजमाप, मग सर्च टर्म्स (लोकांनी प्रत्यक्ष टाइप केलेले शोध), त्यानंतर एडिटर आणि स्क्रिप्ट्स, मग बिडिंग (जाहिरातीच्या लिलावात बोली लावणं) आणि सगळ्यात शेवटी विकतचं टूल, हा क्रम मोडू नये असं माझं ठाम मत आहे.

उदाहरण घेऊ घरांच्या छतावर सोलर बसवून देणाऱ्या नाशिकच्या एखाद्या व्यवसायाचं. फक्त सर्च कॅम्पेन, म्हणजे गूगलवरच्या शोधात दिसणाऱ्या जाहिराती, रोजचं बजेट ५०० रुपये. हा धंदा मुद्दाम निवडला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. तीत ३ किलोवॅट आणि त्यापुढच्या घरगुती सोलरला ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे, त्यामुळे गिऱ्हाईक शोधतंय. पण त्याच शब्दांनी शेतीपंपाचा अर्ज कुठे अडकलाय हे बघणारा शेतकरीही शोधतोय, आणि नोकरी हवी असलेला आयटीआयचा मुलगाही.

बजेटचं गणित आधी पक्कं करा. रोजचे ५०० लावले तरी गूगल एखाद्या दिवशी १,००० पर्यंत खर्च करू शकतं. महिन्याची मर्यादा रोजच्या ३०.४ पट, म्हणजे १५,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १७,९३६. रिपोर्टमधला खर्च जीएसटीविना असतो. जीएसटी नोंदणी नसेल आणि क्रेडिट मिळत नसेल, तर एका चौकशीचा भाव काढताना ही रक्कम धरायलाच हवी.

मोजमाप: इथे चुकलं तर पुढचं सगळं चुकलं

गूगल टॅग मॅनेजरचा (साइटवरचे मोजणीचे कोड, म्हणजे टॅग, सांभाळणाऱ्या टूलचा) प्रीव्ह्यू मोड आणि त्यासोबत उघडणारा टॅग असिस्टंट ही माझ्या मते पीपीसीतली सर्वात कमी वापरली जाणारी टूल्स. अर्ध्या तासाचं काम आहे. प्रीव्ह्यू सुरू करा, साइटचा पत्ता टाका आणि फॉर्म एकदा नीट भरून पाठवा. कन्व्हर्जनचा, म्हणजे चौकशीसारखी आपल्याला हवी ती कृती मोजणारा, टॅग एकदाच फायर व्हायला हवा. मग फॉर्म रिकामा ठेवून ‘सबमिट’ दाबा. रिकाम्या फॉर्मलाही टॅग फायर झाला, तर ट्रिगर (टॅग कधी चालायचा ती अट) बटणाच्या क्लिकवर लावलेला आहे. तो फॉर्म यशस्वी गेल्यावर लागायला हवा. तिसरी तपासणी ‘थँक यू’ पानाची. ते पान थेट पत्ता टाकून उघडा, मग रिफ्रेश करा. दर वेळी कन्व्हर्जन मोजलं जात असेल, तर लोक ते पान पुन्हा उघडतील तसे तुमचे आकडे फुगत जाणार.

यानंतर गूगल ॲड्समधलं ‘गोल्स’ पान उघडा. इथे हमखास सापडणारी चूक म्हणजे एकाच फॉर्मची दोन कन्व्हर्जन्स: एक ॲड्सच्या स्वतःच्या टॅगमधून, दुसरं ॲनालिटिक्समधून इम्पोर्ट केलेलं, आणि दोन्ही ‘प्रायमरी’, म्हणजे बिडिंग ज्यावर चालतं अशी. चौकशी एक, मोजणी दोन. कागदावर चौकशीचा भाव निम्मा दिसतो आणि बिडिंग त्याच खोट्या भावावर धावतं. एक ‘प्रायमरी’ ठेवा, दुसरं ‘सेकंडरी’ करा. मोजणीही ‘एव्हरी’वरून ‘वन’वर आणा, कारण एकाच माणसाने तीनदा फॉर्म भरला म्हणून तीन गिऱ्हाइकं होत नाहीत. दुकानातल्या विक्रीला ‘एव्हरी’ ठीक, चौकशीला ‘वन’.

व्हॉट्सॲपचं काय करायचं? आपल्याकडे बऱ्याच चौकश्या तिथेच येतात. पण साइटवर मोजली जाते ती बटणावरची क्लिक. पुढे मेसेज पाठवला की नाही, ते साइटला कळत नाही. सुरुवातीला ही क्लिक ‘सेकंडरी’ ठेवा आणि महिनाभर फोनमधल्या खऱ्या मेसेजेसशी ताडून बघा. दहा क्लिकमागे सात-आठ मेसेज येत असतील, तर ती खुशाल ‘प्रायमरी’ करा. दोन-तीनच येत असतील, तर बिडिंगला ती दाखवू नका.

आता खरा फरक पाडणारी गोष्ट. फॉर्म भरणारा आणि सोलर बसवणारा ही वेगळी माणसं असू शकतात, आणि गूगलला फक्त पहिला दिसतो. दुसरा दाखवायचा असेल, तर ऑफलाइन कन्व्हर्जन इम्पोर्ट करावं लागतं. ऑटो-टॅगिंग चालू असलं की बहुतेक क्लिकच्या पत्त्याला जीक्लिड नावाचा लांबलचक कोड चिकटतो. फॉर्ममध्ये एक लपलेली चौकट ठेवून तो कोड चौकशीसोबत शीटमध्ये साठवायचा. माणूस पुढच्या टप्प्यावर गेला, की जीक्लिड, कन्व्हर्जनचं नाव, वेळ, किंमत आणि चलन एवढे रकाने भरून फाइल चढवायची.

यात बिघडतं काय? पहिलं म्हणजे रीडायरेक्ट. साइट जुन्या पत्त्यावरून नव्यावर ढकलताना पत्त्याची शेपटी कापून टाकते आणि जीक्लिड पोहोचतच नाही. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, जीक्लिड, बरोबरचं चिन्ह आणि कुठलाही शब्द स्वतः जोडून बघा. पान उघडल्यावर तो शब्द ॲड्रेस बारमध्ये टिकला, तर ठीक. दुसरं, जीक्लिडमध्ये लहान-मोठ्या लिपीचा फरक महत्त्वाचा असतो. काही फॉर्म प्लगइन सगळी अक्षरं लहान करून टाकतात, मग ओळ नाकारली जाते. तिसरं, एक्सेल तारखेचं रूप बदलतं आणि भारतीय वेळेचा साडेपाच तासांचा फरक लिहायचा राहतो. चौथी गोष्ट मुदतीची: क्लिकपासून ९० दिवसांच्या पुढची नोंद चालत नाही.

सोलरमध्ये हीच मुदत आडवी येते. पाहणी, कोटेशन, घरातली चर्चा, कर्ज, महावितरणची प्रक्रिया असं करत ऑर्डर कधी तीन महिन्यांपलीकडे जाते, शिवाय संख्येनेही ती थोडीच. म्हणून ऑर्डरची वाट न बघता ‘साइट पाहणी ठरली’ हा टप्पा चढवा. तो आठवड्याभरात कळतो, संख्येने पुरेसा असतो, आणि उगाच चौकशी करणारे त्यात गळून गेलेले असतात.

सर्च टर्म्स: शब्द सुटे करून बघा

सर्च टर्म्सचा रिपोर्ट ओळीमागून ओळ वाचत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. लहान खात्यात बहुतेक ओळींना एक-दोन क्लिक असतात, त्यामुळे एकटी कुठलीच ओळ दोषी दिसत नाही. त्यातून सप्टेंबर २०२० पासून पुरेशा लोकांनी न वापरलेले शोध गूगल दाखवतच नाही. जे दिसतं त्यातून जास्तीत जास्त काढायचं, तर शब्द सुटे करावे लागतात. या पद्धतीला एन-ग्राम म्हणतात आणि तिला गूगल शीट्स पुरतं.

शेवटच्या ९० दिवसांचा रिपोर्ट शीटमध्ये उतरवा. रकाने चारच ठेवा: टर्म, क्लिक, खर्च, कन्व्हर्जन. ‘स्प्लिट’ने प्रत्येक टर्म शब्दांत तोडा, ‘फ्लॅटन’ने सगळे शब्द एका रकान्यात आणा, ‘युनिक’ने दुबार काढा. मग प्रत्येक शब्दापुढे ‘समइफ’ लावून तो शब्द असलेल्या सगळ्या टर्म्सची बेरीज घ्या. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा (*), म्हणजे तिथे कुठलीही अक्षरं चालतील असं सांगणारं वाइल्डकार्ड, लावावं लागतं, आणि गफलत नेमकी इथेच होते: ‘दर’ शोधलं की ‘दरवाजा’ही मोजला जातो. त्यावर उपाय म्हणजे मूळ टर्मच्या आधी आणि नंतर एकेक स्पेस जोडायची आणि शोधताना शब्दही स्पेससकट शोधायचा.

समजा, ‘पंप’ हा शब्द ६१ वेगवेगळ्या टर्म्समध्ये आला. मिळून ८८ क्लिक, क्लिकमागे सरासरी २२ रुपये, म्हणजे १,९३६ रुपये, आणि चौकशी शून्य. हा शब्द बंद करावा का? खात्याची सरासरी दर शंभर क्लिकला ४ चौकश्या अशी असेल, तर ८८ क्लिकमध्ये साडेतीन चौकश्या यायला हव्या होत्या. नुसत्या योगायोगाने शून्य येण्याची शक्यता ३ टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे बंद करा. हाच शब्द २५ क्लिकवर असता, तर योगायोगाने शून्य येण्याची शक्यता ३६ टक्के होती, आणि तेवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. हिशेब सोपा आहे: सरासरीने एका चौकशीला जितक्या क्लिक लागतात त्याच्या तिप्पट क्लिक होऊनही चौकशी नसेल, तरच शब्दावर काट मारा. ४ टक्क्यांच्या खात्यात तो आकडा ७५. घाईघाईने शब्द कापणारे लोक चांगले शब्दही कापून बसतात. अर्थात ‘नोकरी’, ‘पगार’ यांसारखे शब्द कापायला कुठलाच हिशेब लागत नाही.

निगेटिव्ह कीवर्ड (नको असलेले शोध अडवणारे शब्द) आपल्या नेहमीच्या कीवर्डसारखे वागत नाहीत, हे नीट लक्षात ठेवा. नेहमीच्या कीवर्डला गूगल समानार्थी शब्द, अनेकवचन, जवळचे अर्थ असं सगळं जोडून घेतं. निगेटिव्हला अनेकवचन नाही, समानार्थी शब्दही नाहीत. शुद्धलेखनाच्या चुका आता आपोआप धरल्या जातात, पण मराठीत त्यावर विसंबून राहू नये. ‘पंप’ अडवला म्हणून ‘पंपसेट’ अडत नाही. देवनागरीतला अडवला म्हणून रोमन लिपीतला अडत नाही. ‘पम्प’ असं लिहिणारेही आहेत. त्यामुळे एकेका शब्दाची रोमन आणि देवनागरी, तसंच मराठी आणि हिंदी रूपं हातानेच यादीत घालायची. दोन शब्दांचा ब्रॉड निगेटिव्ह दोन्ही शब्द असतील तेव्हाच अडवतो, मग क्रम कोणताही असो. एकटा शब्द पुरेसा असेल, तर उगाच जोडी करू नका.

आता सोलरचीच खास अडचण. ‘फुकट’, ‘फ्री’, ‘मुफ्त’ हे शब्द तयार निगेटिव्ह याद्यांमध्ये सगळ्यात वर असतात, आणि कुठल्यातरी टूलने दिलेली अशी यादी लोक डोळे झाकून चढवतात. पण योजनेचं पूर्ण नावच ‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’ आहे! ‘मुफ्त’ अडवलं, की योजनेच्या नावाने शोधणारं, सबसिडी हवी असलेलं, म्हणजे नेमकं तुमचं गिऱ्हाईक अडलं. ‘सबसिडी’चंही तेच. अडवायचं ते ‘स्टेटस’, ‘लॉगिन’, ‘टोल फ्री’, ‘कुसुम’ (शेतीपंपांची योजना), ‘कृषी’, ‘लाभार्थी यादी’ यांना. ‘टोल फ्री’ मात्र फ्रेज म्हणूनच, म्हणजे दोन्ही शब्द याच क्रमाने लागून आले तरच अडेल असं, घाला.

या याद्या शेअर्ड ठेवा. एका यादीत ५,००० शब्द मावतात आणि खात्यात अशा २० याद्या करता येतात. महिन्यातून एकदा आपलाच निगेटिव्ह आपल्याच कीवर्डला अडवत नाही ना, हे बघा. त्यासाठी गूगलने स्वतः तयार स्क्रिप्ट देऊन ठेवली आहे.

एडिटर

गूगल ॲड्स एडिटर हे संगणकावर उतरवून घ्यायचं फुकट सॉफ्टवेअर. खातं उतरवा, इंटरनेट नसतानाही बदल करा, तपासा, मग चढवा. शेकडो कीवर्डची बिडं, सगळ्या जाहिरातींमधले पत्ते, दुबार कीवर्ड, शब्दांची अदलाबदल ही कामं ब्राउझरमध्ये करणं म्हणजे दिवस घालवणं. एकच पथ्य पाळा: काम सुरू करण्याआधी ‘गेट रीसेंट चेंजेस’ दाबायचंच. नाहीतर सहकाऱ्याने सकाळी केलेले बदल संध्याकाळी तुमच्या जुन्या प्रतीखाली दबतात.

मराठी जाहिरात लिहिताना एडिटरची अक्षरमोजणी फार कामाची. रिस्पॉन्सिव्ह सर्च ॲडमध्ये १५ हेडलाइन, प्रत्येकी ३० अक्षरं, आणि ४ वर्णनं, प्रत्येकी ९० अक्षरं. पण देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘घरावर सोलर, वीजबिल कमी’ ही ओळ डोळ्यांना स्पेससकट १७ अक्षरांची वाटते, मोजणीत ती २२ भरते. जोडाक्षरं वाढली, की ३० कधी ओलांडले ते कळत नाही. छोटे, सुटसुटीत शब्द निवडा. कॅम्पेनमध्ये भाषेचं टार्गेटिंग दिसत असेल, तर त्यात फक्त मराठीच निवडू नका. इंग्रजीत फोन वापरणारा मराठी माणूस त्यात सुटून जातो. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही ठेवा.

एडिटर उघडलंच आहे, तर सगळ्या कॅम्पेनच्या सेटिंग्ज एका नजरेत बघून घ्या. लोकेशनमध्ये ‘प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट’ ही मूळची निवड असते. ती ‘प्रेझेन्स’वर आणा, नाहीतर नाशिकबद्दल काही शोधणाऱ्या दिल्लीकराचेही पैसे तुम्ही भराल. सर्च कॅम्पेनला चिकटलेलं डिस्प्ले नेटवर्क (इतर साइट आणि ॲपवर जाहिराती दाखवणारं) काढा. आणि ब्राउझरमध्ये जाऊन ‘ऑटो-अप्लाय’ शिफारशी बंद करा. ऑप्टिमायझेशन स्कोअर १०० टक्के असणं म्हणजे धंदा चांगला चालणं नव्हे. तो आकडा गूगलच्या शिफारशी मानल्या की वाढतो, आणि नुसत्या फेटाळल्या तरी वाढतो.

स्क्रिप्ट्स

‘टूल्स’, ‘बल्क ॲक्शन्स’, ‘स्क्रिप्ट्स’ असं गेलं, की जावास्क्रिप्टचे छोटे प्रोग्राम खात्यात चालवता येतात, अगदी तासातासाला. स्वतः लिहिता आलं नाही तरी अडत नाही, गूगलच्या तयार स्क्रिप्ट्स पुष्कळ आहेत. दोन तर प्रत्येक खात्यात असायलाच हव्यात. एक लिंक चेकर, जी जाहिरातींचे पत्ते उघडून बघते. दुसरी अकाउंट ॲनॉमली डिटेक्टर, जी आजचे आकडे मागच्या आठवड्यांतल्या त्याच वाराशी ताडते आणि मोठा फरक दिसला की ईमेल करते.

लिंक चेकरमध्ये एक खोच आहे. साइटवर ‘पान सापडलं नाही’ असं लिहिलेलं असलं, तरी सर्व्हर कधीकधी ‘सगळं ठीक’ असाच कोड पाठवतो. अशा वेळी स्क्रिप्ट फसते. तिच्या सेटिंगमध्ये तो मजकूर ‘चूक’ म्हणून नोंदवता येतो, तो नोंदवा.

बाकी अडचणी बघू. स्क्रिप्टमध्ये रिपोर्टच्या क्वेरीने मागवलेला खर्च ‘मायक्रो’त येतो, एक रुपया म्हणजे दहा लाख मायक्रो. भागायला विसरलात, तर बजेटचा इशारा पहिल्याच मिनिटाला वाजेल. तारखा मुळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेत असतात, आपल्यापेक्षा साडेबारा-साडेतेरा तास मागे. खात्याचा टाइमझोन स्पष्ट दिला नाही, तर ‘काल’ म्हणून परवाचा आकडा येऊ शकतो. प्रीव्ह्यूमध्ये खात्यात बदल होत नाही, पण ईमेल मात्र खरंच जातो आणि शीटही खरंच लिहिलं जातं. आणि स्क्रिप्ट चालते ती मंजुरी देणाऱ्याच्या लॉगिनवर. तो माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याचा प्रवेश काढला, की स्क्रिप्ट बंद पडते. इशारा देणारीच गेल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मंजुरी मालकाच्या लॉगिनवरूनच द्या.

बिडिंग

टार्गेट सीपीएला (एका कन्व्हर्जनमागे सरासरी किती खर्च चालेल ते गूगलला सांगायच्या पद्धतीला) तीस दिवसांत तीसेक कन्व्हर्जन्स असावीत, असा साधारण ठोकताळा आहे. १५,२०० च्या खर्चात चौकशी ५०० रुपयांना पडत असेल, तर आपण नेमके त्या काठावर आहोत. चौकशी हजाराला पडत असेल, तर टार्गेट लावूच नका, नुसतं ‘मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्स’ ठेवा. टार्गेट लावाल तेव्हा ते गेल्या महिन्याच्या खऱ्या भावाजवळ ठेवा, स्वप्नातल्या भावाजवळ नको. ५०० पडत असताना २०० लिहिलं, की गूगल लिलावात उतरणंच थांबवतं आणि इम्प्रेशन्स, म्हणजे जाहिरात दिसण्याची संख्या, झोपतात. टार्गेट बदलायचं ते एका वेळी दहा-पंधरा टक्के, त्यानंतर दोन आठवडे हात लावायचा नाही.

‘डेटा एक्सक्लुजन’ हे ‘बिड स्ट्रॅटेजीज’च्या ‘ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स’मध्ये दडलेलं टूल फार थोड्यांना ठाऊक आहे. साइट बदलताना टॅग चार दिवस बंद पडला, तर गूगल समजतं, क्लिक येऊनही कोणी चौकशी केली नाही, आणि बिडं पाडतं. ते चार दिवस इथे नोंदवले, की बिडिंग त्यांच्याकडे दुर्लक्ष करतं. बिघाड कळल्याबरोबर नोंदवा.

आणि विकतची टूल्स

ऑप्टमायझर, ॲडॅलिसिस, ऑप्टिओ ही टूल्स वर सांगितलेलीच बरीच कामं अधिक सुबकपणे करतात. दहा-वीस खाती सांभाळणाऱ्या एजन्सीला त्यांचा उपयोग खरोखर होतो, कारण वाचलेले तास वीस खात्यांत वाटले जातात. एकट्या खात्यासाठी माझा नियम असा: टूलचं शुल्क जाहिरात खर्चाच्या ५ टक्क्यांच्या वर जात असेल, तर थांबा. शुल्क डॉलरमध्ये असतं, हेही धरून चला.

सेमरश, स्पायफू यांतले प्रतिस्पर्ध्याचे आकडे अंदाजाचे असतात. मराठी शब्द आणि जिल्ह्याचं गाव म्हटलं, की त्या अंदाजाला आधार फारसा उरत नाही. त्यापेक्षा खात्यातला ‘ऑक्शन इनसाइट्स’ (त्याच लिलावात उतरणाऱ्यांशी तुलना दाखवणारा रिपोर्ट) आणि गूगलचं ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर बघा. दोन्ही फुकट, आणि दुसऱ्यात समोरच्याच्या चालू जाहिराती जशाच्या तशा दिसतात. लँडिंग पेजसाठी, म्हणजे जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानासाठी, मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी लावा. लोक मोबाइलवर कुठे अडकतात, कुठल्या न चालणाऱ्या बटणावर वैतागून पुन्हा पुन्हा दाबतात, ते त्यात दिसतं. तेही फुकट.

क्लिक फ्रॉड (मुद्दाम केलेल्या खोट्या क्लिक) थांबवणारी टूल्स मात्र विचार करून घ्या. ती संशयित आयपी पत्ते कॅम्पेनमधून वगळतात आणि एका कॅम्पेनमध्ये असे ५०० पत्तेच वगळता येतात. आपल्याकडे मोबाइल कंपन्या एकेका आयपीवर असंख्य ग्राहक चालवतात. एका खोडसाळ माणसाचा पत्ता अडवला, की त्याच पत्त्यावरचे कितीतरी खरे गिऱ्हाईक अडतात. आधी रिपोर्टमध्ये ‘इनव्हॅलिड क्लिक्स’चा रकाना लावून बघा. त्या क्लिकचे पैसे गूगल मुळातच घेत नाही.

कुठलंही टूल आजमावताना पहिले दोन आठवडे त्याला बदल स्वतःहून करू देऊ नका, सुचवलेले बदल फक्त वाचा आणि आपल्या शीटशी ताडा. चाचणी संपली आणि टूल ठेवायचं नसेल, तर ‘ॲक्सेस अँड सिक्युरिटी’मध्ये जाऊन त्याचा वापरकर्ता आणि जोडलेलं मॅनेजर खातं दोन्ही काढा. मग ज्या गूगल लॉगिनने मंजुरी दिली होती, त्याच्या सुरक्षा सेटिंगमधूनही त्या टूलचा प्रवेश रद्द करा. नुसतं सबस्क्रिप्शन थांबवलं म्हणून हा प्रवेश आपोआप जात नाही.